चाळीस मि.

या, असे जवळ सरकून बसा. मागच्यांनीही पुढे या. गोष्ट एका भोपळ्याची आहे, आणि ती ऐकून मी अजून सावरलेलो नाही.

पानगळीचे दिवस होते. घड्याळजी ओट्यावरच्या भोपळ्यापुढे, देवापुढे उभं राहावं तसे, हात जोडून उभे होते. बायकोला जाऊन सहा महिने झाले होते. दर पानगळीला ती भोपळा, राजमा आणि टोमॅटोची दाटसर चिली करायची. लेकीने फोनवर निर्वाणीचं सांगितलं होतं, "बाबा, रविवारी आईची चिली करून वाढा. जमली तर खुशाल राहा एकटे. नाही जमली तर माझ्याकडे चलायचं. कुलूप घेऊनच येते मी."

तीस वर्षांचं घर आणि भिंतीवरची अकरा घड्याळं, सगळं आता एका पातेल्यावर येऊन ठेपलं होतं.

बायकोच्या अक्षरातला कागद डब्यामागे सापडला. भोपळा, राजमा, टोमॅटो, आणि शेवटी 'मि. ४०'.

"चाळीस मिनिटं," घड्याळजी म्हणाले आणि गजर लावून बसले. काट्यांत हयात गेलेल्या माणसाला 'मि.'मध्ये दुसरं काय दिसणार?

विसाव्या मिनिटाला शेजारच्या नर्सबाई डोकावल्या. त्यांनी चव घेतली.

"अहो, ही चिली आहे का आजाऱ्याचं पथ्य? मिरची कुठाय?"

"कागदात नाही."

बाईंनी चष्मा सावरला. "मग हे काय? मि. चाळीस. मिरच्या चाळीस!"

"मिनिटं आहेत ती."

"डॉक्टरांची अक्षरं लावण्यात जन्म गेला माझा. मला वाचायला शिकवू नका."

तेवढ्यात बेल वाजली. कुणाचं तरी घड्याळ मागे पडत होतं. ते ठेवून घेऊन घड्याळजी परतले, तर नर्सबाई हात झटकत होत्या.

"किती घातल्यात?"

"डोस अर्धा देत नसतात."

घड्याळजींनी अर्धा चमचा जिभेवर ठेवला आणि त्यांना ब्रह्मांड आठवलं. अकरा घड्याळं बावीस दिसू लागली.

"पाणी ओतू का?"

"पचपचीत होईल. भोपळा वाढवा!"

उरलेला भोपळा चिरला. भोपळा वाढला म्हणून राजमा वाढला, आणि राजमा वाढला म्हणून पातेलं पुरेना. खालचा बेकरीवाला आपलं मोठं पातेलं घेऊन आला, चव बघून "आई गं!" म्हणत पळाला आणि टोपलीभर टोमॅटो घेऊन परतला. पुन्हा चव घ्यायची घड्याळजींची छाती झाली नाही. दुपारपर्यंत पातेलं दोघांना हलेना. एका भोपळ्यातून एवढं निघालं कसं, देव जाणे!

"बोलवा आता सगळ्यांना," बेकरीवाला म्हणाला. "मी पाव आणतो."

जिन्यापर्यंत पंगत गेली. सगळ्यांच्या नाकाडोळ्यांतून धारा लागल्या होत्या, आणि तरी ताटल्या पुढे येत होत्या.

लेक दारातच थबकली. "अगं बाई! काय झालं? कोण गेलं?"

"कुणी नाही गं," नाक पुसत बेकरीवाला म्हणाला. "बस, भूक असेल तर. नसली तरी बस."

घड्याळजींनी मान खाली घातली. "दोघांचं करायला गेलो, न् हा पसारा झाला. काढ कुलूप."

लेकीने एक घास घेतला. तिचे डोळे आधी भरले, तिखट नंतर लागलं.

"बाबा, हीच ती."

"हीच? अगं, तुझी आई तर दरवर्षी म्हणायची, अंदाज चुकला, जास्त झाली, बोलवा चार माणसं. मोजून घालत जा म्हणून मी किती बोललो तिला!"

लेकीने कागद उलटला. मागे बारीक अक्षर होतं : 'मिरच्या मुद्दाम जास्त. मग भोपळा वाढतो. भोपळा वाढला की माणसं बोलवावी लागतात. ह्यांना घड्याळांशिवाय कुणी नाही.'

काय म्हणावं या बाईला! आयुष्यभर सेकंदाचा हिशोब ठेवणाऱ्या माणसाला हा एक हिशोब कधी कळला नव्हता. घड्याळजी कितीतरी वेळ त्या बारीक अक्षरावरून बोट फिरवत राहिले.

"नर्सबाई," ते शेवटी म्हणाले, "तुमचंच वाचन खरं."

"ते मला ठाऊकच होतं. थोडी वाढा."

कुलूप लेकीच्या पिशवीतूनच परत गेलं.

तर मंडळी, तिखटाने उचकी लागली की आपण म्हणतो, कुणीतरी आठवण काढतंय. पुढच्या वेळी लागेल तेव्हा एवढं करा, पाणी पिण्याआधी तुम्ही तिची आठवण काढा.