थेंब कुणाच्या हातात?

कविराजांना कविता नळातून येत असे. हे त्यांचं स्वतःचं म्हणणं, आपलं नव्हे. बाथरूममधला डावीकडचा नळ, त्याखाली लोखंडी बादली, समोर बुटकं स्टूल आणि स्टुलावर वही घेऊन कविराज. पहाटे पाच ते सात. टप्... टप्... थेंब पडत आणि कविराज लिहीत. प्लास्टिकची बादली त्यांना चालत नसे. प्लास्टिकमध्ये थेंब खोटा पडतो म्हणे!

'कविराज' हे नाव त्यांना गल्लीने दिलं होतं, आणि ते कौतुकाने दिलं असं एकट्या कविराजांनाच वाटत होतं. पोटापाण्यासाठी ते टपाल कचेरीत पत्ता चुकलेल्या पाकिटांच्या टेबलावर बसत. पत्ता शोधायला पाकिटं उघडून वाचावी लागत. कुणी वारलेल्या बापाला लिहिलेलं असे, कुणी घर सोडून गेलेल्या मुलाला. वीस वर्षांत त्यावर एक ओळ सुचली नाही या माणसाला! "कचेरीत काय असतं हो? सगळं रुक्ष," असं म्हणत ते शिक्के मारत आणि नळाची वाट बघत.

'थेंब' आणि 'आणखी थेंब' असे त्यांचे दोन संग्रह निघाले होते. दोन्हींचे गठ्ठे पलंगाखाली होते. त्यामुळे पलंग करकरत नसे, एवढा साहित्याचा उपयोग त्या घराला झाला होता. तिसरा संग्रह 'अखेरचा थेंब'. नावावरून उगाच आशा वाटे. प्रकाशकाने मात्र स्पष्ट सांगितलं होतं, "वार्षिक अंकात तुमची मुलाखत येऊ द्या. चांगली झाली तर छापतो, नाहीतर माफ करा." ती मुलाखत रविवारी अकरा वाजता ठरली होती. विषय होता कवीची निर्मितिप्रक्रिया, आणि संपादिकाबाई स्वतः घरी येऊन नळ बघणार होत्या.

या नळाला हात लावायची कविराजांनी स्वतःलासुद्धा मनाई केली होती. अंघोळीची बादली बायकोने भरून ठेवायची. नळाला हात लावणं म्हणजे कवितेच्या गळ्याला हात लावणं! पहिलं वर्षभर तो नळ दिवसरात्र गळे. पुढे तो फक्त पहाटेच गळू लागला. दुसऱ्या कुणाला संशय आला असता की कुठेतरी पाणी मुरतंय. कविराजांनी मात्र त्यावर 'नळाचं परिपक्व मौन' असा नऊ पानी लेख लिहिला. सकाळी जे काही लिहिलं असेल ते चहाच्या वेळी बायकोला वाचून दाखवायचं, हा घरचा नियम. बायको "छान आहे हं" म्हणे आणि कप उचले. चार ओळी ऐकायला लागतो तेवढाच वेळ चहालाही लागे, त्यामुळे तक्रार नव्हती.

मुलाखतीच्या दिवशी घोटाळा झाला तो उत्साहामुळे. कविराजांना चारलाच जाग आली. बायको झोपलेली होती. ते हळूच उठले, स्टुलावर बसले आणि डोळे मिटले.

काही नाही.

पाच मिनिटं गेली, पंधरा गेली. नळ ढिम्म. पावणेपाचला बायको उठली, बाथरूमशी आली आणि नवऱ्याला तिथे बघून दारातच थबकली.

"अहो, आज इतक्या लवकर?"

"थांबला," कविराज म्हणाले. "थेंब थांबला!"

"येईल हो. तुम्ही जरा बाहेर या, मी चहा ठेवते."

"मी इथून हलणार नाही."

"मग आधी दाढी तरी करून घ्या. आरसा बाहेरच्या खोलीत आहे."

"इथे विश्वाचा श्वास थांबलाय आणि तू दाढीचा विषय काढतेस?"

बायकोने कपाळाला हात लावला. सहाला तिने दूध उतू गेल्याची बतावणी केली, सातला कचेरीतले साहेब खाली आलेत म्हणून सांगितलं. कविराज हलले नाहीत. साडेसातला मात्र त्यांना एकाएकी आठवलं, की आदल्या संध्याकाळी मेहुणा येऊन गेला होता, आणि मेहुणा नळदुरुस्तीचं काम करत असे. झालं! त्यांनी फोन लावला.

"काल माझ्या बाथरूममध्ये जाऊन तू काय केलंस?"

"हात धुतले, भावजी."

"आणि?"

"आणि पुसले."

"खोटं बोलू नकोस! तू तो नळ दुरुस्त केलास. तुला दिसलं गळकं की हात शिवशिवतात. माझ्या संग्रहाचा खून केलास तू!"

"भावजी, काल तुमच्या नळाला काही झालेलंच नव्हतं."

"तेच तर म्हणतोय मी!" असं ओरडून कविराजांनी फोन आपटला.

नऊपर्यंत त्यांनी नळाची विनवणी केली. मग त्याला जुन्या कविता वाचून दाखवल्या. नळ काही पाझरला नाही, आणि त्याला दोष देता येणार नाही. साडेनऊला त्यांनी माळ्यावरून पाना काढला. ज्या माणसाला उदबत्तीसुद्धा धड खोचता येत नाही त्याने पाना हातात घेणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

"अहो, नका हात लावू," बायको म्हणाली. "तुम्ही फक्त अर्धा तास बाहेर बसा. माझं ऐका."

"तुला यातलं काय कळतं? थोडा सैल केला की गळेल."

त्यांनी सैल केला. नाही गळला. आणखी सैल केला. मग त्यांनी पाय भिंतीला लावून सगळा जोर लावला, आणि नळ त्यांच्या हातात आला. पुढे काय झालं ते सांगायला नको. सहा वर्षांच्या थेंबांचं पाणी जणू एकदमच बाहेर आलं. कविराजांनी भोकावर तळहात दाबला, तर पाणी बोटांमधून चहूकडे उडायला लागलं. बायकोने भावाला फोन केला. तोवर पाण्याने बाथरूमचा उंबरा ओलांडला, खोली ओलांडली आणि ते पलंगाखाली शिरलं. त्या दोन संग्रहांत कुणीतरी आतपर्यंत शिरण्याची ही पहिलीच वेळ.

अकराच्या ठोक्याला बेल वाजली.

संपादिकाबाईंनी बारा वर्षांत चाळीस कवींच्या मुलाखती घेतल्या होत्या. कुणाला विशिष्ट खिडकी लागे, कुणाला मोडकं पेन. त्यांना आता कशाचंच नवल वाटत नव्हतं. त्यांनी चपला हातात घेतल्या, बाथरूमच्या दाराशी खुर्ची ओढली आणि पाय वर घेऊन बसल्या.

"आपण सुरू करू या. हाच का तो नळ?"

"हाच," कविराज म्हणाले. त्यांच्या नाकावरून पाणी निथळत होतं, पण तळहात हलवण्याची सोय नव्हती.

"कविता म्हणजे काय?"

"कविता म्हणजे शरणागती! कवी काहीही करत नसतो, बाई. तो फक्त वाट बघतो. थेंब कधी पडेल, किती पडेल, हे कुणा माणसाच्या हातात नसतं."

स्वयंपाकघराच्या दारात बायको खोकली.

"तुमच्या दुसऱ्या संग्रहाची लय फार वेगळी आहे," बाईंनी टिपण बघत विचारलं. "ओळी एकदम आखूड झाल्या. समीक्षकांनी त्याला 'काळाची धाप' म्हटलंय. हे कसं घडलं?"

"थेंबच वेगाने पडू लागले. त्या वर्षी जग अस्वस्थ होतं. नळाला ते आधी कळलं."

एवढ्यात मेहुणा पिशवी घेऊन आला. आल्या आल्या त्याने जिन्यातला मोठा कॉक बंद केला, बाथरूममध्ये डोकावला आणि बादलीतला नळ उचलून त्याच्याकडे बघत राहिला.

"ताई, याला पाना कुणी मारला गं? चांगला होता की हा. पाच वर्षं झाली मी बसवून."

"किती?" कविराजांचा तळहात भोकावरून गळून पडला.

"पाच. भावजी कविसंमेलनाला दोन दिवस गेले होते ना, तेव्हा. ताईच म्हणाली, बदलून टाक. तेव्हापासून एक थेंब गळलेला नाही. माझ्या हातचं काम आहे."

संपादिकाबाईंनी पेन थांबवलं. "मग पाच वर्षं पहाटे जे गळत होतं ते काय?"

तिघांनीही बायकोकडे पाहिलं. ती पदराला हात पुसत पुढे आली.

"मी सोडत होते," ती म्हणाली. "पावणेपाचला उठून पाव फेरा. हे सातला स्टुलावरून उठले की बंद."

"पण कशासाठी?" कविराजांनी विचारलं.

"काय करणार? नळ बदलला त्या आठवड्यात यांना काही सुचेना. सुचेना म्हणून हे कवितेबद्दल बोलायला लागले. जेवताना, झोपताना, मी भांडी घासताना. अहो बाई, कविता चार ओळींची असते. कवितेबद्दलचं बोलणं संपतच नाही हो! नवव्या दिवशी मी उठले आणि सोडला थोडा."

संपादिकाबाईंनी खुर्ची फिरवून बायकोकडे केली. "आणि ती आखूड लय?"

"त्या वर्षी आमच्या धाकट्या मुलीची शाळा सकाळची झाली. तिला अंघोळीला बाथरूम लवकर हवं असायचं. म्हणून मी अर्धा फेरा सोडायचे. थेंब भराभर पडले की हे लवकर आटपतात."

"म्हणजे काळाची धाप..."

"धाकटीची शाळा," बायको म्हणाली आणि चहा ठेवायला गेली.

बाईंनी पुढचा तासभर स्वयंपाकघरात बसून टिपणं घेतली. कविराज ओल्या अंगाने पलंगावर बसून होते. आज तो करकरत होता. संग्रह गेला, असं ते तीनदा म्हणाले. मेहुण्याने जाताना नवा नळ बसवला. वर-खाली हलणाऱ्या दांडीचा, महागातला. "आता गळायचं नावच नाही, ताई. याला पाव नाही नि अर्धा नाही. उचलला की धार, दाबला की बंद."

अंक आला. मुलाखतीत दीड पान बायको होती आणि अर्धं पान कविराज. लोकांनी ती मोठ्याने वाचली, एकमेकांना वाचून दाखवली, पोट धरधरून हसले. कविराजांनी आठ दिवस गल्लीतून मान खाली घालून ये-जा केली. नवव्या दिवशी प्रकाशकाचा फोन आला.

"अहो, कमाल केलीत! जो तो नळवाल्या कवीचं पुस्तक मागतोय. जरा जाडजूड द्या मात्र."

लाज ही फार दिवस टिकणारी चीज नाही, विशेषतः कवीच्या अंगी. दुसऱ्या दिवशी पाचला कविराज उठले. बायको आज निवांत झोपली होती, तिचं काम आता उरलं नव्हतं. कविराज नव्या नळासमोर बसले, थोडा विचार केला आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने नळ सोडला. धो धो धार लागली. वहीवर पेनही धो धो चाललं.

आठला बायकोने चहाचे कप आणून ठेवले आणि नेहमीप्रमाणे समोर बसली. कविराजांनी घसा खाकरला.

"थेंबांचं पर्व संपलं," ते म्हणाले. "कवीनेच स्रोत उघडायला हवा, हे तुझ्यामुळे कळलं मला. हे महाकाव्य आहे. 'धार'. बारा सर्ग. आज पहिला सर्ग झालाय, फक्त एकतीस पानं. ऐक."

सातव्या पानावर चहा गार झाला. अकराव्या पानावर बायको "आलेच हं" म्हणून उठली, स्वयंपाकघरात गेली, दार लोटून घेतलं आणि दबक्या आवाजात भावाला फोन लावला.

"अरे, ऐक. तो जुना नळ भंगारात टाकलास का रे?"