पाचव्या पोर्टावरचा फितूर

बुद्धी तलवारीसारखी असावी आणि म्यानात राहू नये, असं माझं मत आहे. माझी कधीच राहिली नाही. मी इंद्रजित खरवंडीकर, सरकारी खात्यातून निवृत्त, दिल्लीच्या मुनिरक्यातल्या तीन मजली पीजीचा मालक आणि या गल्लीतला एकमेव नेटवर्क-गुप्तहेर. पीजी खरं तर लतिकाच्या, म्हणजे आमच्या सौ.च्या नावावर आहे, पण त्याचा तपासाशी संबंध नाही.

त्या सकाळी लुंबिनी खाली आली. वर्ध्याची मुलगी, कॉम्प्युटर शिकलेली, आमच्याकडे वरच्या खोलीत राहते. चेहरा पार उतरलेला.

"काका, नेट सारखं जातंय. दुपारी माझा ऑनलाइन इंटरव्ह्यू आहे. हा हुकला तर बाबा म्हणालेत, बस झालं, सामान बांध आणि परत ये."

मोबाइलवर द्यावा तर आमच्याकडे रेंज फक्त गच्चीवर, आणि गच्ची माकडांच्या ताब्यात. मला पोरीचं फार वाईट वाटलं. मी चष्मा पुसला. मी चष्मा पुसला की तपास सुरू झाला असं समजावं.

प्रकरण गंभीर होतं. घरातलं प्रत्येक मशिन चालू झालं की विचारतं, माझा पत्ता काय? मुख्य राउटर तो देतो. इथे दुसराच कोणीतरी खोटे पत्ते वाटत होता. दिल्लीत पत्ता विचारावा आणि चुकीचा मिळावा यात नवल नाही, पण स्वतःच्या घरात?

पहिला संशय लुंबिनीच्या रूममेटवर, कृतिकावर. दोन दिवस तिने भाजीला नावं ठेवली नव्हती, म्हणजे काहीतरी लपवत होती.

"अंकल, मी फक्त हेडफोन चार्ज करतेय यार," ती म्हणाली.

मग खालचा मोबाइलवाला चिराग. तो मला बघून हसला. निरपराध माणूस इथे विनाकारण हसत नाही.

"अंकलजी, मेरा तो अपना कनेक्शन है," तो म्हणाला. तयार उत्तर. संशय वाढला.

शेवटी मी सापळा लावला. जिन्याखाली आमचा स्विच आहे, घरातल्या सगळ्या वायरी त्याच्या भोकांत, म्हणजे पोर्टांत येतात. त्यात डीएचसीपी स्नूपिंग नावाची सोय आहे. ती लावली की पोर्टापोर्टावर नाकाबंदी. ज्या पोर्टावर आपण भरवसा ठेवू, तिथूनच पत्ते वाटता येतात. मी ती लावली आणि हेरगिरीचा पहिला नियम पाळला: भरवसा कोणावरही ठेवला नाही. मग सगळ्यांना मशिनं बंद करून चालू करायला लावली.

खोटे पत्ते थांबले. "गुन्हेगारी शून्यावर आली," मी जाहीर केलं.

"काका, नेटही शून्यावर आलंय," लुंबिनी म्हणाली. इंटरव्ह्यू तोंडावर आला होता. तिने माझा लॅपटॉप ओढला. "अहो, तुम्ही मुख्य राउटरलाही चोर ठरवलंय. त्याच्या पोर्टावर तरी ट्रस्ट ठेवा."

तिने तिथे एक खूण केली. नेट आलं. मग म्हणाली, "आणि हे बघा, खोटे पत्ते पाचव्या पोर्टावरून येतायत. ही वायर कुठे जाते?"

वायर पडद्यामागून थेट आमच्या देवघरात गेली. तिथे समईशेजारी आमचा जुना, भंगारात काढलेला राउटर हिरवे दिवे मिचकावत बसला होता.

"मी लावलाय," लतिका दाणे कुटता कुटता म्हणाली. "चांगली चालू वस्तू, टाकवेना. रात्री देवाजवळ मंद उजेड राहतो."

"आणि ही वायर?"

"लोंबत होती. याला भोक रिकामं होतं, दिली खोचून. लोंबतं काही मला चालत नाही."

"मग मला सांगायचं नाही?"

"विचारलंत कुठे? सगळ्या मुनिरक्याला विचारलंत."

खरं होतं. तिच्यावर संशय घ्यायची माझी कधी छातीच झाली नाही.

इंटरव्ह्यू वेळेवर सुरू झाला. मी दाराला कान लावून उभा होतो, तपासाचा भाग म्हणून. लतिकाही शेजारी होती, विनाकारण. लुंबिनीला विचारलं, नुकताच सोडवलेला एखादा प्रॉब्लेम सांगा. तिने आमचं घर सांगितलं, देवघरासकट. पलीकडची मंडळी हसली. त्यात माझा उल्लेख एकदाच आला: "एक युजर".

संध्याकाळी निवडीचा मेल आला. लुंबिनी नेटवरून वर्ध्याला बोलताना रडत होती. "बाबा, सामान नाही बांधत आता." माझेही डोळे भरले, म्हणून मी पुन्हा चष्मा पुसला.

लतिकाने शिरा केला. सगळ्यांना वाढून माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "युजर, तूप घेणार?"

मी घेतलं.