नुसतं 'हाय' ठेव

आमचे सासरे, आकाराममामा, हसतात. खोटं नाही, मी बघितलंय. पण मी खिशातून फोन काढून, कुलूप उघडून, कॅमेरा शोधेपर्यंत मामांचं तोंड पुन्हा बंद. आता पंचाहत्तरीचा फ्लेक्स चौकात लागायचा होता (कोल्हापुरात फ्लेक्स लागल्याशिवाय माणूस एवढा जगला हे कुणी मानत नाही) आणि घरात त्यांचा एकही हसरा फोटो नव्हता.

"रविवारी आबा जेवायला येत्यात," बायको संयोगिता म्हणाली. "हसरा फोटो काढा. आधार कार्डावरचा लावला, तर लोक दहावा कधी म्हणून इचारतील."

मोबाईलच्या दुकानात काशिफनं तोडगा काढला. "बटण दाबायचं न्हाय. 'हाय कॅमेरा' म्हणायचं. उघडतोय आन फोटोबी काढतोय."

"एवढं लांबलचक कशाला?" मी म्हणालो. "नुसतं 'हाय' ठेव."

"परत इचार करा, पावणं."

मी केला नाही. माझ्या डोक्यात इंग्रजीतलं हाय होतं. कोल्हापुरात वाक्य कशानं संपतं, हे मी, जन्मानं कोल्हापूरकर, साफ विसरलो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात फोन हातात असताना साहेबांनी विचारलं, "फाइल कुठं हाय?" खटॅक. "टेबलावर हाय, साहेब." खटॅक. "टेबलावर न्हाय." खटॅक. (फोन न्हायमधलं हायसुद्धा ऐकायचा.) साहेबांच्या नाकपुड्यांचे तीन फोटो निघाले. सेटिंग बदलायला जायचं, तर काशिफला तोंड दाखवायची लाज वाटत होती.

रविवारी फोन तांब्याला टेकवून मामांच्या समोर उभा केला आणि मी शेजारी बसलो.

"रस्सा बरा हाय," मामा म्हणाले. खटॅक. तोंड आधार कार्डासारखंच. "मीठ कमी हाय." खटॅक. "आन ह्ये खटॅक खटॅक काय चाललंय?"

मी घाबरून रश्श्याचा मोठा घोट घेतला. तो नाकात गेला. डोळ्यांतून पाणी, तोंडातून फवारा. आणि मामा हसले. कवळी दिसेपर्यंत हसले. हाच तो क्षण, पण ठसक्यात माझ्या तोंडून 'हाय' निघेना. मी पाण्यासाठी तांब्याकडं झेपावलो.

"अवो, हाय म्हणा की," संयोगिता स्वयंपाकघरातून ओरडली.

खटॅक.

मामांचं हसू झकास आलं, फक्त त्यांच्या अर्ध्या गालावर माझा कान आला. फ्लेक्सवाल्यानं तो कापून बघितला, तर कानाबरोबर मामांचा गालही जायला लागला. शेवटी तसाच लावला. आता येणारा-जाणारा थांबून विचारतो, "मामांच्या गालाला काय झालंय?"

"आमच्या ह्यांचा कान हाय," संयोगिता सांगते. "ह्यांचा तेवढाच बरा येतोय फोटोत."