चौथी पट्टी

जपूनकाकांची गाडी विकायची ठरली होती आणि त्याआधी तिच्या दारांवरच्या क्रोमच्या पट्ट्या चकचकीत व्हायला हव्या होत्या. रविवारी गिऱ्हाईक येणार होतं. गाडी काकांच्या लग्नाच्या वेळची. रंग शाबूत, इंजिन ठणठणीत. पण चार दारांवरच्या चार पट्ट्यांपैकी तीन पट्ट्यांना गंज धरून बारीक बारीक खड्डे पडले होते. चौथी, मागच्या दाराची, मात्र लोण्यासारखी गुळगुळीत होती. काका ती येणाऱ्याजाणाऱ्याला मुद्दाम दाखवत आणि म्हणत, "याला म्हणतात निगा!" मग बाकीच्या तिघींची निगा कुणी राखायची होती, हे विचारायची कुणाची छाती होत नसे.

'जपून' हे नाव गल्लीने ठेवलेलं. गाडीजवळून मांजर गेलं तरी काका खिडकीतून ओरडत, "जपून!" त्यांची नोकरी फिरतीची होती, दुकानादुकानांतले वजनकाटे तपासायची. ग्रॅमभर लबाडीसुद्धा त्यांच्या नजरेतून सुटत नसे. फिरतीवर ते बसने जात, कारण बाहेरच्या रस्त्यांवर गाडी खिळखिळी होते असं त्यांचं ठाम मत होतं. काकूंना तर स्टिअरिंगला हात लावायचीही परवानगी नव्हती. "तुला त्यातलं काय कळतं?" एवढ्यावर तो विषय कायमचा मिटला होता.

काकूंना जाऊन आता वर्ष होत आलं होतं. तेव्हापासून घरात आवाज असा एकच, फ्रिजचा. मुलगी दुसऱ्या शहरात राहायची आणि फोनवर रोज तेच सांगायची, "बाबा, विका ती गाडी आणि या इकडे. एकटे काय करता तिथे?" काका म्हणत, "गाडी पुसतो." पण पुसून पुसून माणूस एक गाडी किती पुसणार? शेवटी ते हो म्हणाले.

आधी त्यांनी घरगुती उपाय करून पाहिला. पोळ्या गुंडाळायच्या चंदेरी कागदाचा बोळा पाण्यात बुडवून पट्ट्यांवर हलक्या हाताने घासला. गंज निघाला, खड्डे जागच्या जागी राहिले, उलट आंघोळ झाल्यासारखे जास्तच उठून दिसायला लागले. मग काकांनी चारही पट्ट्या उतरवल्या, जुन्या चादरीत तान्ह्या बाळासारख्या गुंडाळल्या आणि प्लेटिंगवाल्याचं दुकान गाठलं.

"या तिघींवर नवा मुलामा चढवायचाय," काका म्हणाले, "अगदी या चौथीसारखा. नमुना म्हणून आणलीय."

प्लेटिंगवाल्याने चौथी पट्टी उचलली, हातावर तोलली आणि टेबलावरचं लोहचुंबक तिला लावलं. ते पट्‌कन खाली पडलं. बाकीच्या तिघींना लावलं, तर ते घट्ट चिकटून बसलं.

"काका, हिला गंज चढणार कुठून? ही गाडीची नाहीच मुळी. ॲल्युमिनियम आहे हे. स्वयंपाकघरातल्या फळीच्या कडेला ठोकतात ना, ती पट्टी. हे बघा, खिळ्यांची भोकं बुजवलीत. काम मात्र सफाईदार आहे हं!"

काकांचं टाळकं सरकलं. म्हणजे अस्सल पट्टी लांबवून कुणीतरी ही फळीची पट्टी त्यांच्या माथी मारली होती! त्यांच्या गाडीला हात लावायची मुभा असलेला माणूस जगात एकच. ते तडक मेस्त्रीच्या गॅरेजवर जाऊन उभे राहिले.

"मेस्त्री, माझी पट्टी कुठाय?"

मेस्त्री एका गाडीखाली झोपून काम करत होता. आवाज ओळखून तो बाहेर यायच्याऐवजी आणखी आत सरकला.

"आधी बाहेर या!"

"साहेब, वहिनींनी शपथ घातली होती," गाडीखालून आवाज आला.

"कुठल्या वहिनींनी?"

"आपल्या. तुम्ही फिरतीवर होतात, तेव्हा गाडी खांबाला घासली. पट्टी पार वाकडी झाली. मग वहिनींनीच घरातली एक आणून दिली, मी मापात कापून बसवली."

"उभी गाडी खांबाला कशी काय घासेल?"

गाडीखाली पाना खणकन पडला. मग मेस्त्री म्हणाला, "उभी कुठे होती, साहेब? चालवत होत्या."

काका शेजारच्या टायरवर बसले. आपल्या सीटची भानगड आत्ता त्यांच्या ध्यानात यायला लागली. दर फिरतीवरून परत आलं की गाडीची सीट आपोआप पुढे सरकलेली असे.

"म्हणजे ती सीट..."

"सीटला काही झालेलं नव्हतं. वहिनींचे पाय पोचायचे नाहीत, म्हणून त्या पुढे घ्यायच्या. मागे करायला विसरायच्या."

"अहो, किती वेळा दुरुस्तीला आणली मी ती!"

"मी दर वेळी तेल घातलं की," मेस्त्री दुखावल्या आवाजात म्हणाला.

"पण जायची कुठे ती?"

"पाण्याच्या टाकीपर्यंत. टाकीला वळसा घालायच्या आणि परत यायच्या. मी एकदा विचारलं, वहिनी, तिथे आहे तरी काय? तर म्हणाल्या, काही नाही हो, हे नसले की घरात फार शांत असतं."

काका टायरवरून उठले आणि घराकडे निघाले.

गल्लीच्या कोपऱ्यावर इस्त्रीवाल्याच्या टपरीचा लोखंडी खांब होता. त्यावरचा जुना ओरखडा काकांना आज पहिल्यांदाच दिसला.

"तुला ठाऊक होतं?"

इस्त्रीवाल्याने खांबाकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, इस्त्री उभी करून ठेवली. "काका, कुणाला ठाऊक नव्हतं? काकू कोपऱ्यावर दोनदा हॉर्न द्यायच्या, मी टेबल आत ओढायचो. तुमची बस यायच्या दिवशी समोरच्या मावशी काचा पुसायच्या, मी टायरचा चिखल काढायचो. कव्हर घालताना सगळे एकमेकांना म्हणायचो, जपून!"

घरी आल्याबरोबर काका स्वयंपाकघरात गेले. सगळ्यांत वरच्या फळीची कड उघडी होती. त्यांनी एकदा विचारलंही होतं. "मागे झुरळं होत होती, काढून टाकली," असं काकूंनी पोळी लाटता लाटता सांगितलं होतं आणि भल्याभल्या दुकानदारांना घाम फोडणाऱ्या तपासनिसाने ते निमूटपणे मान्य केलं होतं.

त्यांनी मुलीला फोन लावला. "तुझी आई गाडी चालवायची, तुला माहीत होतं?"

"बाबा, मला गाडी कुणी शिकवली असं वाटतं तुम्हाला?"

"ड्रायव्हिंग स्कूलने! फी भरलीय मी!"

"त्या फीमधूनच पेट्रोल भरायचो आम्ही."

काकांनी फोन ठेवला. त्यांना कडाडून भांडावंसं वाटत होतं. एवढ्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच त्यांची बाजू शंभर टक्के बरोबर होती आणि भांडायला समोर माणूस नव्हतं. त्यांनी ओट्याकडे बघून "निदान सीट तरी मागे करायची!" एवढं म्हणून पाहिलं. फ्रिज घुरघुरत राहिला. मग मात्र त्यांना रडू आलं. ती शांतता तिनेही ऐकली होती, त्यांच्या कितीतरी आधी, आणि ते बसमध्ये बसून गाडी जपल्याच्या समाधानात होते.

रविवारी सकाळी त्यांनी पट्ट्या बसवल्या. तिघी आता आरशासारख्या लखलखत होत्या आणि त्यांच्यापुढे चौथी पार फिकी पडली होती. प्लेटिंगवाला म्हणाला होता, जोडीला शोभेल अशी नवी करून देतो. काकांनी साफ नाही म्हटलं होतं. चौथीवरून त्यांनी दोनदा फडकं फिरवलं आणि मग ते गाडीत बसले. खालचा दांडा ओढून त्यांनी सीट पुढे घेतली. एका जागी खटका पडला आणि ती सवयीने तिथेच थांबली. काकांचे गुडघे स्टिअरिंगखाली अडकले, पोट वर दाबलं गेलं. ती जागा त्यांच्या मापाची नव्हती. कसेबसे ते सुटून बाहेर आले, वळसा घालून पलीकडे गेले आणि शेजारच्या सीटवर बसले. इथून रस्ता कसा दिसतो हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. बरा दिसत होता.

गिऱ्हाईक वेळेवर आलं. हात मागे बांधून तो तरुण गृहस्थ गाडीभोवती फिरला आणि मागच्या दारापाशी थबकला.

"काका, ही पट्टी जरा वेगळी वाटते."

"वेगळीच आहे. फळीची आहे."

"आँ? पण तुम्ही फोनवर म्हणाला होतात, गाडी मूळची जशीच्या तशी आहे. तुमच्याशिवाय कुणी चालवलेली नाही."

"तसा माझा समज होता."

गृहस्थाने रिकाम्या सीटकडे आणि शेजारी बसलेल्या काकांकडे पाहिलं. "बरं, मी एक चक्कर मारून बघू का?"

"ते ड्रायव्हरला विचारावं लागेल," काका म्हणाले. "विकायची की नाही, तेही तिलाच. मला त्यातलं काय कळतं?"

"मग कधी येतील त्या?"

काका समोरच्या काचेतून टाकीकडे जाणाऱ्या रस्त्याकडे बघत होते. "काय सांगू?" ते म्हणाले. "सांगून जायची सवयच नाही हो तिला."