अठरा ते तीनशे

रघुनाथअण्णांनी लेन्सचं झाकण काढलं, ती नाकाशी नेली आणि डोळे मिटून खोल वास घेतला.

बारामतीतल्या त्या कॅमेऱ्याच्या दुकानाचा मालक काउंटरपलीकडून माझ्याकडे बघायला लागला. मी छताकडे बघितलं. अण्णा आमचे शेजारी. त्यांनी बत्तीस वर्षं एमआयडीसीतल्या एका डेअरीत दूध तपासलं. कॅन आला की झाकण उघडायचं, आधी वास, मग रंग, मग लॅक्टोमीटरची डिग्री. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, पण जगातली कुठलीही वस्तू हातात आली की आधी हुंगायची, ही सवय काही निवृत्त झाली नाही. मी त्यांना नवी चप्पल हुंगताना बघितलंय, बँकेचं पासबुक हुंगताना बघितलंय. एकदा माझ्या पत्रकांचा गठ्ठा छापखान्यातून आला तेव्हा वरचं पत्रक उचलून त्यांनी हुंगलं आणि म्हणाले, "शाई चांगली हाय." मग वाचलं. "दुसऱ्या परिच्छेदात पाणी हाय."

"अण्णा, लेन्सला वास नसतो," मी दबक्या आवाजात म्हणाले.

"बुरशीला आसतो."

मालकाने नाइलाजाने मान डोलावली. लेन्समध्ये बुरशी धरते हे खरंच होतं.

"हं, आता सांगा," अण्णांनी लेन्स काउंटरवर ठेवली, "पाणी कुठं मारलंय?"

"पाणी?"

"अठरा ते तीनशे एमएम म्हणता. जवळचं हीच काढती, लांबचं बी हीच काढती. बत्तीस वर्षांत मला आसा एक गवळी भेटला न्हाय, ज्याचं दूध बी वाढलं आनि फॅट बी वाढली. तवा पाणी कुठं हाय तेवढं सांगा."

मालक प्रामाणिक निघाला. म्हणाला, तीनशेवर नेली की फोटो जरा मऊ येतो, आणि उजेडही कमी घेते.

"निघालं का न्हाय?" अण्णा विजयी मुद्रेने माझ्याकडे वळले. पण लेन्स त्यांनी हातातून सोडली नाही.

अण्णांनी लेन्स निवडायला दोन वर्षं घेतली असती तरी माझी हरकत नव्हती. या वेळी मात्र मुदत होती. येत्या शनिवारी इंदापुरातल्या एका शाळेत क्रीडास्पर्धा होत्या आणि पहिलीच्या धावण्याच्या शर्यतीत शौर्य पळणार होता. शौर्य हा अण्णांचा नातू. अण्णांनी त्याला एकदाही प्रत्यक्ष बघितलेलं नव्हतं.

कारण साधं आणि लाजिरवाणं आहे. सात वर्षांपूर्वी अण्णांच्या मुलीने, रेखाने, दुसऱ्या जातीतल्या मुलाशी रजिस्टर लग्न केलं. साक्षीदारांतली एक सही माझी आहे. गावाकडून, अंथुर्ण्याहून, अण्णांचे दोन भाऊ जाब विचारायला आले, तेव्हा अण्णा त्यांच्यासमोर म्हणाले, "आमाला पोरगी नव्हतीच, आसं धरून चला." मी भिंतीपलीकडे होते. मी ज्या घरात वाढले तिथे डब्यांच्या तळाशीसुद्धा जातिविरोधी संघटनेची पत्रकं अंथरलेली असायची. ते वाक्य मी तेव्हा माफ केलं नाही. आजही करत नाही.

गंमत अशी, की भाऊ दोन वर्षांत सगळं विसरले. रेखाचा नवरा जनावरांचा डॉक्टर. भावांची गाय अडली, त्याला फोन गेला, वासरू सुखरूप निघालं आणि त्याच दिवशी भावांनी त्याला 'पाव्हणं, पाव्हणं' करत जेवायला बसवलं. ज्यांच्यासाठी अण्णा ते वाक्य बोलले, ते पुढे निघून गेले. अण्णा मात्र त्या वाक्यात अडकून बसले. एकदा नापास लिहिलेला नमुना त्यांनी नोकरीत कधी खोडला नव्हता.

काकू, म्हणजे रेखाची आई, रोज दुपारी स्वयंपाकघरातून रेखाशी फोनवर बोलतात. फोन स्पीकरवर. "मला नीट ऐकू येत न्हाय," असं काकूंचं म्हणणं. त्याच काकूंना दोन घरांपलीकडची कुजबुज ऐकू येते. तेवढा वेळ अण्णा बाहेर पेपर वाचतात आणि पेपरचं पान उलटत नाही. शर्यतीची बातमी त्यांना तशीच कळली. दुसऱ्या दिवशी ते एकटे एसटीने इंदापूरला गेले, शाळेच्या कुंपणाबाहेरून चालत रस्त्यापासून शर्यतीच्या जागेपर्यंतचं अंतर मोजून आले आणि माझ्या दारात उभे राहिले.

"शहाण्णव पावलं," ते म्हणाले. "माझ्या कॅमेऱ्याची लेन्स पंचावन्नपर्यंतच जाती. तीत पोरगं मुंगीएवढं दिसंल. तुला मोबाइलवरचं सगळं कळतं. शोधून दे."

रेखा माझी मैत्रीण. तिने मला बजावून ठेवलं होतं, "तू आमच्यामधी निरोप्या व्हायचं न्हाय. आनि माझ्या पोराला कुणी चोरून बघायचं न्हाय. कुणी म्हंजे कुणी." तिला कळलं तर माझ्याशीही बोलणं टाकेल, ही धास्ती एका बाजूला. आणि भिंतीपलीकडे हा माणूस दिवसातून चार वेळा आम्लपित्ताची गोळी शोधत फिरतोय. मी अण्णांना म्हणाले, "अण्णा, कितीही मोठी लेन्स आणा, माफी मागायला तोंडच लागतं."

अण्णा म्हणाले, "ते दुकानात मिळत आसतं तर आनलं नसतं का?"

तेव्हा लेन्स शोधायला मी त्यांच्याबरोबर जायला लागले.

अण्णांनी लेन्सची परीक्षाही दुधासारखीच घ्यायची ठरवली. दुकानासमोरच्या चौकात एका नेत्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स होता. वर नेता, खाली शुभेच्छुकांच्या मुंडक्यांच्या पाच ओळी, शेवटची ओळ हरभऱ्याएवढी. अशा फ्लेक्सच्या विरोधात मी दोन पत्रकं काढली आहेत. अण्णांनी त्यालाच कामाला लावलं. फ्लेक्सपासून शहाण्णव पावलं मोजत ते मागे आले. दुकानाचा मालक दोन्ही तळहात पसरून त्यांच्या मागे मागे, लेन्स पडलीच तर झेलायला.

"शेवटच्या ओळीत डावीकडनं तिसरा," अण्णा म्हणाले. "त्याच्या कपाळाला गंध हाय. गंध दिसला तर पास."

आधी पंचावन्न ते अडीचशेची लेन्स लावली. गंध दिसला. त्या कार्यकर्त्याची एक भुवई मधेच तुटलेली होती, तीही दिसली. मग अठरा ते तीनशे लावली. गंध दिसला, पण सायीखालून दिसावा तसा.

निकाल लागला होता. मालक खूश झाला. "अण्णा, पंचावन्नपर्यंतची तुमच्याकडं हायच. ही पुढची घ्या. स्वस्त बी पडंल. दोन मिळून सगळं आलं."

"आनि बदलायची कधी?"

"लागंल तवा. अर्धा मिनिट लागतो."

"अर्धा मिनिट लई झालं," अण्णा म्हणाले आणि दुकानाबाहेर पडले. त्या दिवशी काहीच घेतलं नाही.

मंगळवारी परत. बुधवारी परत. अण्णा दोन्ही लेन्स पुढे घेऊन बसायचे. मालकाने त्यांच्यासाठी वेगळं स्टूल ठेवलं होतं. मी विचारलं, बदलायची एवढी भीती कशाची? तर म्हणाले, उसाचा सीझन हाय, फड पेटवत्यात, काजळी उडती, कॅमेऱ्याच्या आत जाती. मी मान डोलावली. पण पटलं नाही. इतकी वर्षं भेसळ पकडलेला माणूस भेसळ डोळ्यांनी बघून तीच वस्तू पुन्हा पुन्हा का उचलतोय, हे मला कळेना. बरं, हातही थरथरायचा त्यांचा. तीनशेवर नेली की समोरचं दुकान काचेत हेलकावे खायचं. मालक सांगायचा, लेन्समधली कंप रोखायची कळ चालू ठेवा, श्वास धरा. अण्णा श्वास धरायचे, आणि सोडायचंच विसरायचे.

शुक्रवारी दुकान बंद होताना त्यांनी अठरा ते तीनशे घेतली.

"पाणी हाय तिच्यात," मालकानेच आठवण करून दिली.

"म्हायती हाय," अण्णा म्हणाले.

शनिवारी सकाळी माझ्या स्कूटरवर आम्ही निघालो. अण्णांनी कॅमेरा स्वेटरच्या आत घेऊन वरून दोन्ही हातांनी धरलेला. पुढे दोन-दोन ट्रेलर लावलेले उसाचे ट्रॅक्टर. ओव्हरटेक करताना दर वेळी अण्णा माझ्या कानाशी "हळू, हळू" म्हणायचे. अंथुर्णे जवळ आलं तशी त्यांनी हेल्मेटची काच खाली ओढली. भाऊ नेमके रस्त्यावर भेटतील आणि "काय, चालला का लेकीकडं?" म्हणून हसतील, याची त्यांना धास्ती. गाव मागे पडल्यावर काच वर झाली.

मी विचारलं, "अण्णा, भुवईसुद्धा दिसत होती ती लेन्स सोडून ही का घेतली?"

एक ट्रॅक्टर गाणी वाजवत गेला. मग मागून आवाज आला.

"लांबनंच काढायचं आसतं तर तीच घेतली आसती."

"मग?"

"समज, तिनं बघितलं. समज, जवळ आली. तवा मी काय तितं खाली मान घालून लेन्स बदलत बसू?"

मी स्कूटरचा वेग जरा वाढवला.

शाळेच्या मैदानाला तारेचं कुंपण. आम्ही रस्त्याच्या बाजूला उभे राहिलो. पलीकडे पालकांचा मांडव, त्यात रेखा पाठमोरी. पहिलीची मुलं रांगेत आली. शौर्यचे फोटो अण्णांनी काकूंच्या मोबाइलमध्ये चोरून बघितलेले होते, तरी त्यांनी विचारलं, "कंचा?"

"चौथा. निळी पट्टी."

अण्णांनी कॅमेरा डोळ्याला लावला, रिंग शेवटापर्यंत फिरवली आणि श्वास धरला. शिट्टी वाजली. शर्यत संपली. शौर्य पाचवा आला. अण्णांनी बटण दाबलंच नव्हतं.

"उजवा पाय घासतोय त्याचा," ते कॅमेऱ्यातून डोळा न काढता म्हणाले. "पळताना घासतोय."

तेवढ्यात आतून वॉचमन आला. "ओ आजोबा! पोरांचं फोटो काढताय, परवानगी हाय का? कोण लागतंय तुमचं आत?"

उत्तर माझ्या ओठांवर होतं; मी दात आवळून धरले.

"नातू हाय," अण्णा म्हणाले. आवाज फाटलेला. मग मोठ्याने, "माझ्या पोरीचा पोरगा हाय. शौर्य."

"मग भाईर कशाला उन्हात? घरच्यांना सोडत्यात की आत, गेट हाय तिकडं." आणि वॉचमनने वळून मांडवाकडे हाळी दिली, "ओ शौर्यच्या आई! तुमचं वडील आल्यात!"

रेखा वळली. बघत राहिली. मग मांडवातून निघून ती सरळ आमच्याकडे चालायला लागली.

अण्णांना दुसरं काही सुचलं नाही. त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. तीनशेवर नुसता चेहरा दिसत असणार. ती जवळ येऊ लागली तसा चेहरा चौकटीबाहेर जायला लागला असणार, कारण अण्णांचा डावा हात रिंग मागे फिरवायला लागला. दोनशे. एकशेपस्तीस. ती एक पाऊल पुढे, रिंग एक रेघ मागे. सत्तर. पस्तीस. अठरावर रिंग थांबली. पुढे फिरेना. रेखा तारेला हात लावून उभी होती.

"यांना म्हणावं, कॅमेरा खाली घ्या," ती मला म्हणाली.

अण्णांनी घेतला. डोळ्याभोवती कॅमेऱ्याचा गोल वळ उठला होता.

"हिला म्हणावं," अण्णा मला म्हणाले, "पोरगं उजवा पाय घासतंय. बूट बघ त्याचा."

"यांना सांग, एक नंबर मोठा हाय. वाढत्या अंगाचा घेतलाय."

"हिला सांग, पळायच्या बुटाला वाढतं अंग बघत न्हायत."

"आनि मला कुणी घेतलं सगळं वाढत्या अंगाचं?" रेखाचा आवाज एकदम चढला. ती आता माझ्याकडे बघत नव्हती. "दहावीपतोर माझ्या चपला फटाक फटाक वाजायच्या अण्णा, आख्ख्या शाळेला कळायचं मी आले म्हणून."

शौर्य आईला शोधत एका पायावर लंगडत आला. अण्णांनी स्वेटरच्या खिशात हात घातला. लेन्सबरोबर आलेलं पिवळं नवं फडकं काढलं, त्याची चारदा घडी घातली आणि तारेतून आत दिलं.

"पुढं बोटापाशी कोंब," ते म्हणाले.

रेखाने फडकं घेतलं. क्षणभर हातातच धरलं. मग मातीत गुडघा टेकून तिने शौर्यचा बूट काढला, फडकं आत सारलं, बूट चढवला, नाडी ओढून बांधली. शौर्यने पाय दोनदा जमिनीवर आपटून बघितला आणि तारेपलीकडच्या अनोळखी म्हाताऱ्याकडे मान वर करून विचारलं,

"आता पळू?"

"थांब," अण्णा म्हणाले. कॅमेरा त्यांनी माझ्या हातात कोंबला आणि गेटच्या दिशेने निघाले. "मी आत येतो. मग पळ."