दाराकडे बघणारी बाई

दत्ताभाऊजींच्या घरात सतरा बायका राहायच्या आणि त्यातल्या एकीलाही चहा करता येत नव्हता. सगळ्या भिंतीवर होत्या.

भाऊजी आमचे मांडवीतले शेजारी. दोन घरांच्या मधे कमरेइतका चिऱ्यांचा गडगा. त्यांनी लग्न केलं नाही. जन्मभर बोटीवर रंगारी होते, म्हणजे गंज खरवडायचा आणि वर राखाडी रंग फासायचा. या टोकापासून त्या टोकाला जाईपर्यंत या टोकाला पुन्हा गंज. बंदराला बोट लागली की बाकीचे खलाशी घड्याळं आणि अत्तरं घ्यायला धावायचे. हे जुन्या बाजारात शिरून जुनी विलायती कॅलेंडरं उचलायचे. तारखा कापून टाकायच्या आणि बायका ठेवून घ्यायच्या.

गोऱ्या, गुबऱ्या गालांच्या बायका, आणि प्रत्येकीवर काहीतरी संकट आलेलं. एकीचा फ्रॉक वाऱ्याने उडालाय, एकीचा कुत्रं ओढतंय. एक बल्ब बदलायला शिडीवर चढलीय, तीही उंच टाचांचे बूट घालून. एकीने तर मासे धरायचा गळ स्वतःच्याच फ्रॉकात अडकवून घेतलाय.

"असल्या बाईला मासा काय मिळणार, भाऊजी?"

"बाजारातनं आणेल. तुम्ही गळ नका बघू, वैनी. गुडघा बघा."

"मी कशाला मेला तिचा गुडघा बघू?"

"त्याच्यावरचा उजेड बघा हो! पांढरा नाय, पिवळा लावलाय. फोटो नव्हे हा. हातचं काम हाय."

"हातचं काम हाय" हे त्यांचं पालुपद. येईल त्याच्या हातात भिंग द्यायचे. विजेचं मीटर बघणारा आमच्याकडे दोन मिनिटांत आटपायचा, त्यांच्याकडे अर्धा तास. मीटर बाहेर पडवीत. हा आत काय वाचत बसायचा, त्यालाच ठाऊक.

दारासमोर टांगलेली बाई जरा वेगळी होती. तिचा फ्रॉक जागच्या जागी होता. केस विंचरताना कोणीतरी दार उघडलंय आणि तिने वळून बघितलंय, असं चित्र. तोंडाचा चंबू झालेला, हात छातीवर, दचकलेलीही आणि खूशही. भाऊजी बाजारातून आले की चपला काढता काढता म्हणायचे, "आलो गो." गडग्यापलीकडून मला रोज ऐकू यायचं. मला वाटायचं, देवाला सांगतात. पण त्यांचे देव मागच्या खोलीत.

गणपतीला ठाण्याहून पुतण्या यायचा, बायकोमुलांना घेऊन. वर्षभरात त्या घराला तेवढीच माणसं. एका वर्षी सुनेला अवघड वाटू नये म्हणून भाऊजींनी प्रत्येक बाईला पंचा गुंडाळला. त्या सतराच्या सतराजणी नुकत्याच न्हाणीतून बाहेर आल्यासारख्या दिसायला लागल्या. आधी बऱ्या होत्या.

यंदा पुतण्याचे नवे व्याही येणार होते. पाऊस लागायच्या आधीच त्याचा फोन आला, "काका, ती चित्रं काढा आणि भिंतींना रंग लावून घ्या. नाहीतर आम्ही गणपतीला येत नाही."

भाऊजी गडग्याशी येऊन उभे राहिले. "काय करू, वैनी?"

"काढा," मी म्हटलं. "माणसं वर्षातून एकदा येतात. कागदाच्या बायका पळून जात नाहीत."

ते एकेक काढून देत गेले, मी एकावर एक रचत गेले. "मधे मधे कापड घालूया?" त्यांनी विचारलं. "पुरे झाले लाड," मी म्हटलं, आणि पापडांसारखा सगळा गठ्ठा प्लास्टिकात घट्ट बांधून माळ्यावर टाकला. पाऊसभर तो तिथेच राहिला.

गणपतीत व्याह्यांनी घराची फार स्तुती केली. कसं मोकळं मोकळं वाटतं, म्हणाले.

सगळे गेल्यावर आम्ही गठ्ठा सोडला. प्लास्टिकात ओल धरली होती. सोळाजणी बुरशीच्या ठिपक्यांवर सुटल्या. दारासमोरचीचं तोंड वरच्या चित्राच्या पाठीला चिकटून तिकडेच गेलं. फ्रॉक शाबूत, हात शाबूत, तोंडाच्या जागी पांढरा कागद.

"इतक्या आहेत," मी म्हटलं. "दुसरी लावा तिथे."

भाऊजींनी सगळ्या जमिनीवर मांडल्या आणि वाकून एकेक बघितली. एक कुत्र्याकडे बघत होती, एक बल्बकडे, एक गळाकडे.

"यातली एकपण दाराकडे बघत नाय, वैनी," म्हणाले.

मला एक शब्द बोलले नाहीत. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, मीही चार दिल्या असत्या.

त्यानंतर गडग्यापलीकडून नुसता कडीचा आवाज यायचा. कडी वाजली की माझे हात उगीच थांबायचे. एकदा त्यात भाकरी करपली.

असे पंधरा दिवस ऐकून घेतलं. मग एका सकाळी ते बाजारात गेले असताना बांगड्याचं तिखलं घेऊन मी त्यांच्याकडे गेले. त्यांची एक किल्ली पूर्वीपासून माझ्याकडे असते. पातेलं ओट्यावर ठेवलं. फाटक वाजलं तशी पुढच्या खोलीत आले आणि रिकाम्या खिळ्याखाली उभी राहिले, पदराला हात पुसत.

भाऊजींनी दार ढकललं आणि उंबऱ्यातच थबकले.

"आलात?" मी म्हटलं. "मग असे खांबासारखे काय उभे? पिशवीतनं पाणी गळतंय."

त्यांनी पिशवी खाली ठेवली. एक चप्पल काढली. मग दुसरी.

"आलो, वैनी."

तिखल्यात मीठ जास्त पडलं होतं. त्याबद्दलही ते कधी काही बोलले नाहीत.