हिडी आणि बिडी

मोटार दुरुस्त करायला अक्कल लागते, मिस्त्री लागत नाही, हे माझं जुनं मत. चारचौघांत मी ते ठणकावून सांगत असे. आता सांगत नाही. का, ते ऐका!

सोलापुरात वकिलीचा जरा जम बसला आणि मी मोटार घेतली. गिरणीतला एक साहेब विलायतेला परत चालला होता, त्याची. गाडी गुणी, पण ब्रेक मागच्या दोन चाकांनाच, आणि तेही त्यांच्या मनाला येईल तेव्हा लागायचे! आमचं अंगण फाटकापासून तुळशीवृंदावनाकडे उतरतं. गाडी आत घेताना तिनं दोनदा वृंदावनाला धडक दिली. दुसऱ्या वेळी तर कोपराच उडाला.

शकुंतला, म्हणजे आमचं कुटुंब, पदर खोचून पुढं उभी राहिली.

“ही तुळस माझ्या आईनं वेळापूरहून आणून स्वतःच्या हातानं लावलीय. आई गेली, तिचं एवढंच मागं राहिलंय. आता पुन्हा धक्का लागला, तर अंगणात एक तर तुळस राहील, नाहीतर तुमची मोटार!”

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला फार वाईट वाटलं. म्हटलं, “रविवारी ब्रेक आवळतो. तू बघच!”

“मिस्त्रीला बोलवा की.”

“कशाला? गाडीच्या पोटाखाली एक दांडी, दांडीच्या टोकाला एक नट. चाक जरासं घासेपर्यंत नट पिळायचा, मग किंचित ढिला करायचा. झालं!”

फक्त पेडल दाबायला एक माणूस हवा होता. शेजारचे सिद्धलिंगप्पा बाजाराला निघालेला घोंगड्यांचा गठ्ठा आमच्या ओट्यावर टाकून मदतीला आले. घोंगड्यांचे व्यापारी, मूळचे अक्कलकोटकडचे, घरात कानडी. माणूस लाख मोलाचा! मराठी शिकायची भारी हौस. “वकीलसाब, आमच्यासंगं मराठीच बोला. आमचा मराठी लई कच्चा हाय की हो!”

पण आपणही काही कमी नाही! पक्षकारांकडून मी कानडी उचललं होतं. निदान मला तसं वाटत होतं. बिचारा आपल्यासाठी धंदा सोडून आलाय, त्याच्याशी त्याच्याच भाषेत बोलावं, असं मनात आलं. ‘हिडी’ म्हणजे धर, हे पक्कं ठाऊक होतं. ‘सोड’ला काय म्हणतात ते मात्र नीट आठवेना. सुरुवात ‘बि’नं होते, एवढं खास. मग हिडी, तसं बिडी! यमकही झकास जुळलं.

गाडी फाटकापाशीच उभी होती. मागचं चाक जॅकवर चढवलं, पुढच्या चाकांना दगड लावले आणि मी गाडीखाली शिरलो.

“हिडी!”

सिद्धलिंगप्पांनी पेडल दाबलं. चाक गच्च! शाब्बास!

“बिडी!”

पेडल काही सुटेना.

“बिडी! अहो, बिडी!”

वर काय झालं, ते मला मागाहून कळलं. एक ‘हिडी’ सोडलं तर वकीलसाहेब मराठीच बोलतात, मराठीत बिडी म्हणजे बिडी; तेव्हा साहेबांना तलफ आलीय, असं त्या भल्या माणसानं धरलं. पण पेडल धरायला सांगितलंय, ते सोडायचं कसं? त्यांनी मोटार सुरू करायचं लोखंडी हँडल सीट आणि पेडल यांच्यामध्ये अडकवलं आणि नाक्यावरच्या टांगेवाल्याकडून बिडी मागून आणली. स्वतः सुपारीलासुद्धा न शिवणारा माणूस! मग स्वैपाकघराच्या दाराशी गेले. “वैनी, काडेपेटी द्या की. साहेब गाडीखालनं बिडी मागायलेत!”

आता, मागच्या कार्तिकात मी त्याच तुळशीवर हात ठेवून बिडी सोडलेली! शकुंतला तणतणत अंगणात आली. तिला माझे फक्त पाय दिसत होते.

“अहो! हे सुटलं म्हणून सांगितलं होतंत ना?”

मला वाटलं, चाकाचं विचारतेय.

“कुठलं सुटतंय! मघापासून झगडतोय, घट्ट धरून बसलंय!”

“तुळशीची शपथ घेतली होती तुम्ही!”

“अगं, तुळशीसाठीच तर चाललंय हे सगळं!”

“तुळशीसाठी? गाडीखाली लपून?”

“मग काय, टपावर बसून करू?”

आणि इकडं चाक काही केल्या फिरेना! नट जास्त आवळला गेला असेल, म्हणून मी ढिला करत होतो. आणखी ढिला. आणखी! नट दांडीच्या पार टोकाशी आला, तेव्हा कुठं चाक भिंगरीसारखं गरगरलं. फत्ते! मी काळाकुट्ट होऊन बाहेर आलो.

“सुटलं एकदाचं! आता डोळ्यांनी बघ. तुळशीपासून हातभरावर गाडी थांबवून दाखवतो.”

ती काही बोलणार, तोवर मी जॅक उतरवला, दगड काढले आणि गाडीत बसलो. पेडलपाशी हँडल कुणी ठेवलं म्हणून ते बाजूला फेकलं. गाडी उताराला लागली. मी रुबाबात ब्रेक दाबला.

पाय थेट तळाला टेकला! हातब्रेक ओढला. तोही त्याच दांडीवरचा! समोर तुळस, आणि तुळशीत मला सासूबाईच दिसायला लागल्या.

“हिडी! हिडी!” मी जिवाच्या आकांतानं ओरडलो.

हे कानडी मात्र अस्सल निघालं. सिद्धलिंगप्पांनी मागच्या जादा चाकाला मिठी मारली आणि वहाणा फरफटत गाडीमागं निघाले. आणि शकुंतला! एरवी अर्धी घागर उचलताना कंबर धरणारी बाई, तिनं तो घोंगड्यांचा गठ्ठा ओट्यावरून ओढला आणि वृंदावनापुढं ढकलून दिला. गाडीनं त्यात नाक खुपसलं आणि थांबली. तुळशीची एक वाळकी मंजिरी तेवढी खाली पडली.

सिद्धलिंगप्पा अजून गाडीला मिठी मारूनच होते.

“बिडी,” मी क्षीण आवाजात म्हणालो.

त्यांनी एक हात सोडवला, कानावरची बिडी काढली आणि शकुंतलेदेखत माझ्यापुढं धरली. “घ्या की. मघाधरनं आणलाय. वैनी काडेपेटीच देईनात!”

शकुंतलेनं बिडीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

“अगं, तुळशीशप्पथ, बिडी म्हणजे कानडीत ‘सोडा’!”

सिद्धलिंगप्पांनी कपाळावर हात मारून घेतला. “मग बिड्री म्हणायचं की हो! बिड्री! मानसाला मान देताना ‘री’ लावत्यात!”

शकुंतला हसत सुटली. हसता हसता ओट्यावर बसली, डोळे पुसले, पुन्हा हसली. आई गेल्यापासून ती अशी हसली नव्हती. माझा जीव भांड्यात पडला.

“मोटार राहू दे,” ती शेवटी म्हणाली. “पण पान्याला हात लावाल तर खबरदार! उद्या मिस्त्री येईल.”

मी तिथल्या तिथं कान पकडले, हात जोडले आणि म्हणालो, “कबूल! आता राग तेवढा बिडी!”

“री लावा!” दोघंही एकदम ओरडले.